चिंचोक्यांवरचा पोकर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'पोकर हा निव्वळ जुगार, त्याचा कसला आलाय अभ्यास' अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र वाचले. पैसे लावून खेळण्याच्या मी ठाम विरोधात आहे. भाच्याची वर्षभराची बचत मोबाइलवरच्या पोकरमध्ये गेली, तेव्हाचे बहिणीचे रडणे मी पाहिले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा हायसे वाटले. पण अभ्यासाला नावे ठेवू नयेत.

भाचा सुट्टीत आला तेव्हा मी त्याला सतरंजीवर बसवले. पत्त्यांचा एक कॅट, वाटीभर चिंचोके. त्याच्या हातात दोन बदाम, खाली उघडलेल्या तीन पत्त्यांत दोन. खाली आणखी दोन पत्ते एकेक करून उघडायचे होते. त्यांत एक बदाम आला की फ्लश, म्हणजे एकाच प्रकारचे पाच पत्ते. डावात २० चिंचोके होते, मी आणखी २० लावले. म्हणजे त्याचे धरून ६० च्या डावासाठी त्याने २० टाकायचे. तिनात एकदा तरी जिंकायला हवे.

"मावशी, फ्लशची शक्यता ३५ टक्के. टाकायलाच हवेत!"

पाठ केलेला आकडा बरोबर होता. न दिसलेले पत्ते ४७, त्यांत बदाम ९. पुढचे दोन्ही पत्ते त्याच २० चिंचोक्यांत दिसले तर ३५ टक्केच. पण पहिल्या पत्त्याला बदाम आला नाही की मी पुन्हा लावणार. म्हणजे त्याचे हे २० चिंचोके एकाच पत्त्यापुरते, आणि त्या एका पत्त्यात बदाम येण्याची शक्यता जेमतेम १९ टक्के. (फ्लश लागल्यावर पुढे जास्त मिळेल हेही धरतात, पण समोरचा तेव्हा देईलच असे नाही.) त्याला पटेना. मग आम्ही तो एक पत्ता शंभरदा पिसून काढला. बदाम आला २१ वेळा. बराच वेळ तो गप्प होता. मग वही मागून घेतली आणि हरलेले, आठवतील तेवढे डाव लिहायला बसला.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दोघांचा, ठरावीक रकमेच्या चालींचा पोकर संगणकावर जवळपास पूर्ण सोडवला, म्हणजे दीर्घकाळात जिच्यावर मात करणे जवळपास अशक्य अशी खेळण्याची पद्धत शोधली. निव्वळ नशीब असे सोडवता येत नाही.

संभाव्यतेच्या धड्यात ५२ पत्त्यांची गणिते असतात, पण कॅट हाती न घेतलेली मुले वर्गात कितीतरी असतात. पालक काय म्हणतील या धास्तीने मीही कधी वर्गात कॅट नेला नाही, याची खंत वाटते. कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयाने बोलवावे. कॅट आणि चिंचोके घेऊन मी येईन.

— एक निवृत्त गणित शिक्षिका, मिरज