बार्शी लाइटचं पहिलं इंजिन अर्ध्यावर आलंय, हातभार लावा

नमस्कार मंडळी,

सरळच सांगतो, पैसे पाहिजेत. पण त्याच्याबी आधी तुमच्या घरातले जुने फोटो पाहिजेत, आणि ज्याच्याकडं लेथ आहे त्याचे रविवारचे दोन-चार तास पाहिजेत. आपल्या वाचनालयातली आम्ही सात-आठ जणं दीड वर्षापासून बार्शी लाइट रेल्वेच्या पहिल्या इंजिनाचं मॉडेल बनवायलोत, लातूरातल्या बऱ्याच जणांना हे माहीतये, चहाच्या टपरीवर भेटले की विचारतेत, "झालं का तुमचं इंजिन?" तर नाही झालं अजून. आणि आता आमच्या खिशातून पुढं जाण्यासारखं राहिलं नाही म्हणून हे आवाहन.

ज्या पोरांनी फक्त ब्रॉडगेज बघितलंय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपण पत्ता सांगताना आजबी "जुन्या रेल्वे लाइनीजवळ" म्हणतो ना, ती लाइन म्हणजे ही. १८९५ ला कंपनी निघाली, १८९७ ला कुर्डुवाडीहून (तवा त्या स्टेशनाला बार्शी रोड म्हणायचे) बार्शीपर्यंत २१ मैल गाडी सुरू झाली, १९०६ ला पंढरपूरला गेली, १९११ ला आपल्या लातूरला आली आणि १९२७ ला मिरजेला पोचली. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, फक्त अडीच फूट. बार्शी इंग्रजांच्या हद्दीत, लातूर निजामाच्या, आणि दोन्हीकडच्या माणसांना बांधून ठेवणारी ही एवढीशी गाडी. गंजातला माल तिनंच बाहेर जायचा, वारीला माणसं तिनंच जायची. माझी आजी येडशीची, ती सांगायची की आषाढीला डब्याच्या टपावर बसून लोक पंढरपूरला जायचे आन् रामलिंगच्या घाटात गाडी इतकी हळू व्हायची की पोरं उतरून बाजूनं चालायची. १ जानेवारी १९५४ ला ती सरकारनं विकत घेतली, आणि २००७-०८ च्या सुमारास आपल्याकडं ब्रॉडगेज झालं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी आन् पाच लाख लिटर पाणी, ती याच मिरज-कुर्डुवाडी-लातूर वाटेनं आली. म्हणजे त्या वाटेचे उपकार अजून चालूच आहेत.

आता इंजिन. ही रेल्वे ज्यानं उभी केली तो एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर. त्याचं म्हणणं असं की हलक्या रुळावरूनबी भरपूर माल नेता येतो, फक्त वजन नीट वाटलं पाहिजे. बैलगाडीत माल पुढं जास्त झाला की जू बैलाच्या मानेवर दबतं, मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, हे आपल्याला कुणी शिकवायला लागत नाही. त्यानं तेच रेल्वेत केलं. इंजिन असो का मालाचा डबा, एका आखावर पाच टनापेक्षा जास्त वजन नाही, सगळीकडं सारखं. म्हणून पहिल्या इंजिनाला सहा आख दिले, चार आखांची आठ चाकं एकमेकांना दांड्यांनी जोडलेली, ती ओढणारी, आणि मागं चार छोटी चाकं नुसती भार घेणारी. रेल्वेच्या भाषेत ०-८-४, पुढं छोटी चाकं नाहीत म्हणून शून्य. टँक इंजिन, म्हणजे पाणी इंजिनाच्या अंगावरच्या टाक्यांत, मागं टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा, नाही. लीड्सच्या किटसन कंपनीनं बनवलेलं, ए क्लास. पुढं इंग्लंडात स्टॅफर्डशरमध्ये १९०४ ला लीक-मॅनिफोल्ड नावाची छोटी रेल्वे सुरू झाली, तिथंबी कॅलथ्रॉपनं हाच अडीच फुटी गेज वापरला. म्हणजे आधी आपल्याकडं करून बघितलं, मग तिकडं नेलं. ती रेल्वे १९३४ ला बंदसुद्धा पडली, पण तिकडचे लोक तिच्या इंजिनांची मॉडेलं अजून हौसेनं बनवतेत. आपलं इंजिन तिचं थोरलं भावंड, आणि आपल्या लेकरांना ते कसं दिसायचं हे दाखवायला आपल्याकडं काहीच नाही, हे मनाला लागतं.

आमच्यात यावरून वादबी झाला, खोटं कशाला सांगू. वयस्कर मंडळी म्हणत होती की आम्ही बघितलेलं इंजिन बनवा, ते टेंडरवालं, नंतरचं २-८-२. त्यांचं चूक नाही, डोळ्यांनी बघितलेलं ते. पण पाच टनाची ती सगळी अक्कल ज्याच्यात पहिल्यांदा उतरली ते ए क्लास, म्हणून तेच धरलं. टेंडरवालं पुढं करू, शब्द दिलाय.

प्रमाण एकास बारा, म्हणजे फुटाला इंच. अडीच फुटी गेज मॉडेलात बरोबर अडीच इंच होतो, साडेत्रेसष्ट मिलिमीटर, हिशोबाला लई सोपं. पण सोपं तेवढंच. चाकं बिडाच्या लोखंडाची ओतून घेतली. पहिली चार वाया गेली, कारण लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, आम्ही मापाबरहुकूम केला आणि बीड गार होताना शेकडा एक आकसतं हे धरलंच नाही, चूक आमचीच. पॅटर्न परत केला, परत ओतलं, लेथवर घेतलं, आठही चाकं आखांवर बसवली, साइड रॉड, म्हणजे चाकं जोडणाऱ्या त्या दांड्या, लावल्या, हातानं ढकललं तर पाव चक्कर फिरून गपकन अडकलं. दोन रविवार तेच. या दांड्या ज्या पिनांवर बसतेत, त्या डाव्या आणि उजव्या चाकाच्या पिनांमध्ये बरोबर नव्वद अंशाचा फरक लागतो, म्हणजे एका बाजूचा पिस्टन टोकाला जाऊन जोर सुटला तरी दुसऱ्या बाजूचा ओढतो, आणि हा फरक चारी आखांवर तंतोतंत सारखा लागतो, नाहीतर दांड्या एकमेकांशी भांडतेत. शेवटी सापडलं, तिसरा आख अर्धा अंश फिरलेला. पिनपाशी मोजलं तर मिलिमीटरचा पाचवा भागसुद्धा नाही! आख दाबून काढला, एक लोखंडी जिग, म्हणजे नेमक्या कोनात धरायचा साचा, बनवला, त्यात धरून परत बसवला, आणि मग बोटानं ढकललं तर आठही चाकं अशी फिरली की बघत बसावं, आवाज नाही, अडकणं नाही. सत्तरीतले आमचे एक काका, आयुष्य खरादकामात गेलेलं, ते उठून उभेच राहिले.

तर चाकं, आख, फ्रेम एवढं झालंय. उजव्या बाजूची पाण्याची टाकी झाली, तिच्यावरच्या रिव्हेटांची डोकी आयटीआयमधली एक मुलगी पत्र्याला मागून एकेक ठोका देऊन उठवायली, फोटोतल्या ओळी मोजून, एक ठोका वाकडा गेला की अख्खा पत्रा बाद. राहिलंय ते म्हणजे दोन्ही सिलिंडर, व्हॉल्व्हची यंत्रणा, बॉयलरचं कवच, डावी टाकी, केबिन, रंग, आणि काचेची पेटी. वाफेवर चालवणार नाही, लेकरं जवळ येऊन बघणार, प्रेशरच्या बॉयलरशी खेळ नको. कॉम्प्रेसरची दोन-तीन किलोची हवा दिली की पिस्टन, दांड्या, चाकं सगळं खऱ्यासारखं हळूहळू फिरताना दिसेल. आपल्या पोरांना उद्या हरंगुळच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात काम करायचंय, वाफेचा जोर चाकापर्यंत कसा जातो हे त्यांनी एकदा तरी डोळ्यांनी बघावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

खर्चाचं सांगतो. आत्तापर्यंत अडुसष्ट हजार गेले, ते आमचे आमच्यात. अजून एक लाख चाळीस हजार लागतेत, त्यातला मोठा वाटा ब्रॉंझचं ओतकाम आणि मशिनिंगचा, मग काचेची पेटी आणि छोटा कॉम्प्रेसर, बाकी पितळी पत्रा, सिल्व्हर सोल्डर, रंग असलं किरकोळ, पण किरकोळच लई खातं. शंभर रुपये दिले तरी पावती मिळेल, आणि जमा-खर्च दर महिन्याला वाचनालयाच्या बोर्डावर लागेल, बिलांसकट. पैसे जमत नसतील तर वस्तू द्या. कुणाच्या दुकानात पितळी पत्र्याचे उरलेले तुकडे, गनमेटलचे बार, जुन्या टॅप-डाय पडून असतील तर ते आमच्यासाठी सोनं आहे. लेथवाल्यांनी सिलिंडरचं बोअरिंग करून दिलं तर खर्चाचा मोठा तुकडा तिथंच कमी होईल.

आणि फोटो, हे परत सांगतो कारण हे पैशानं मिळत नाही. आमच्याकडं एका जुन्या ड्रॉइंगची फोटोकॉपी आहे, पण ती फक्त बाजूनं. केबिन मागून कशी होती, आतल्या नळ्या कुठून गेल्या, पुढचा दिवा केवढा, रंग कोणता, काही दिसत नाही. लग्नाची वरात स्टेशनवर उतरली तवाचा फोटो असेल, आजोबा इंजिनाला टेकून उभे असतील, मागं अर्धवट चाक दिसत असेल, तेबी आणा. नंतरच्या इंजिनाचा, डब्याचा, स्टेशनाचा असला तरी चालेल, कारण दिवा, कपलिंग असल्या गोष्टींचा अंदाज त्यावरून लागतो. पुठ्ठ्याची तिकिटं, गार्डाचा कंदील, वर्दीचं बटण, काहीबी. वस्तू ठेवून घेणार नाही, तुमच्यासमोर फोटो काढून, मापं घेऊन लगेच परत देऊ. आणि ज्यांच्या घरातलं कुणी कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये होतं, फायरमन होतं, गँगमन होतं, त्यांनी कृपा करून त्यांना घेऊन या, चालणं होत नसेल तर आम्ही घरी येतो. ही माणसं आता हाताच्या बोटांवर उरलीत.

मॉडेल कुणाच्या घरी जाणार नाही. वाचनालयातच राहील, शाळांना फुकट बघता येईल. येत्या १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, ते चालू करून दाखवायचं ठरवलंय, म्हणून सिलिंडरचं ओतकाम पावसाळ्याच्या आधी व्हायलाच पाहिजे.

आम्ही रोज संध्याकाळी सहा ते नऊ वाचनालयाच्या मागच्या खोलीत असतो, रविवारी सकाळपासून. पावती पुस्तक तिथंच आहे. फोटो आणताना त्याच्यामागं कुणी काही लिहिलेलं असेल, साल, गावाचं नाव, तर ते पुसू नका, चिकटपट्टी लावू नका, आहे तसाच आणा. चाकं फिरवून बघायची असतील तर लेकरांनाबी घेऊन या, हात लावू देतो.