मिरजेच्या भट्टीवाल्या चाचांना अनावृत पत्र

चाचा,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुमच्यापुढे आभाराचा शब्द काढला की तुम्ही "ते राहू दे, आधी पत्रा उचल" म्हणून विषय संपवता. आता तुमची नात मोबाइलवर वाचून दाखवील, तेव्हा मुकाट्याने ऐका.

आजच्या पोरांना हे सांगावं लागतं की आमच्या गल्लीत तेव्हा कुणाच्याच घरी ओव्हन नव्हता. मे महिन्याची सुट्टी लागली की मैदा, रवा, पिठीसाखर, तूप किंवा डालडा, वेलची असं सगळं पिशवीत भरून बायका तुमच्याकडे यायच्या. तिथल्याच ओट्यावर पीठ मळायचं, नंबर लावायचा, किलोमागे भाजणावळ द्यायची आणि पत्र्याचा डबा भरून बिस्किटं घरी न्यायची. आम्ही पोरं डब्यावर बसूनच यायचो म्हणा ना.

तुमचा खरा धंदा पावाचा. पहाटे भट्टी कडक असताना पाव आत जायचा. तो निघाला की आच उतरायला लागायची, आणि त्या उतरत्या आचेवर तुम्ही गल्लीची नानकटाई घ्यायचात. अगदी शेवटच्या धगीवर टोस्ट सुकत पडायचे. तापमानाचा काटा नाही, घड्याळ नाही. भट्टीच्या तोंडाशी हात धरून "अजून थांबा" किंवा "आणा" एवढंच बोलायचात. घाई करणारी एखादी बाई हटकून असायचीच. तिचं ऐकलं असतंत तर वरून करपलेली आणि आत कच्ची नानकटाई तिच्याच पाहुण्यांना खावी लागली असती.

आणि त्या खुणा! दहा घरांचं पीठ, सगळ्यांची नानकटाई गोल आणि फिकट, मग कुणाची कुठली हे कळायचं कसं? तुम्ही प्रत्येक घराला खूण लावून दिली होती. कुणाची काट्याची दोन टोकं, कुणाचं सोड्याच्या बाटलीचं बिल्लं, कुणाची नुसती मधोमध चारोळी. आमची खूण पेनाचं टोपण. आजीने ते टोपण धुऊन पुसून मसाल्याच्या डब्यात ठेवलं होतं, त्यामुळे आमच्या नानकटाईला वेलचीआधी किंचित लवंगेचा वास यायचा. तुम्ही कधी एका घरचा पत्रा दुसऱ्याच्या डब्यात जाऊ दिला नाहीत. कुणी तूप वापरलंय आणि कुणी डालडा, हेही तुम्हाला भाजतानाच कळायचं, पण ते कधी ओट्यावर बोलून दाखवलं नाहीत. बायकांच्या घोळक्यात हे मौन पाळणं सोपं नव्हे.

आईला तुम्ही शिकवलेलं मी अजून वापरते. मिरजेच्या उन्हाळ्यात तूप वितळून पाणी होतं, आणि पातळ तुपात मळलेली नानकटाई पत्र्यावर पसरते. "वहिनी, पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवा, तूप थिजू द्या, मग साखर घालून पांढरं होईपर्यंत फेसा." किलोभर मैद्याला अर्धा किलो तूप, अर्धा किलो साखर, आणि दूध लागलंच तर चमच्याने, वाटीने नाही. बिस्किटं फुगवायला बेकरीचा अमोनिया चालतो, कारण पातळ बिस्कीट खडखडीत भाजलं की त्याचा वास उडून जातो. जाड केकमध्ये तो आतच कोंडून राहतो, म्हणून तिथे घालायचा नाही. पुढे मोठमोठ्या क्लासांत पैसे भरून लोक हेच शिकताना पाहिले.

आता मूळ मुद्दा. बाबांची कंपनी बंद पडली त्या वर्षी आईने दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. चकल्या, चिवडा घरी व्हायचा. नानकटाईसाठी तुम्ही तिला दुपारची उरलेली आच देऊन टाकलीत. भाजणावळ विचारली की "वहीत लिहितो" म्हणायचात. दिवाळीनंतर आई हिशेब करायला आली, तर वहीचं पान उंदराने खाल्लं म्हणालात. चाचा, तुमच्या बेकरीत मांजर होतं. चांगलं गलेलठ्ठ.

पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट तुम्ही गल्ल्यावर बसून केलीत, आणि ती आईला फार उशिरा, दुसऱ्यांकडून कळली. कुणी गिऱ्हाईक येऊन शुद्ध तुपातली नानकटाई मागू लागलं की तुम्ही आमच्या घराचा पत्ता सांगायचात. "माझी डालड्याची आहे, तुपाची त्या वहिनींकडे मिळेल." काचेच्या बरणीत स्वतःची नानकटाई भरलेली असताना बेकरीवाला असं सांगतो, हे मी मुंबईतल्या मैत्रिणींना अजून पटवू शकलेले नाही. त्या गिऱ्हाइकांतली काही घरं आजही आईकडेच ऑर्डर देतात.

मुंबईवरून आठवलं. जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने तिथल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितल्या, तेव्हा पहिला विचार तुमचा आला. धुराची तक्रार खरी आहे, मी काही भट्टीचे गोडवे गात बसणार नाही. तुमचा खोकला आम्ही ऐकलाय. पण मोडक्या फर्निचरचं रंग लावलेलं लाकूड स्वस्तात मिळत असूनही तुम्ही त्याला हात लावला नाहीत, "तो धूर पावात उतरतो" म्हणून, हे मला त्या बातमीनंतर जास्त उमजलं. तुमच्या मुलाने आता गॅसची भट्टी घेतलीय, बरं केलं.

माझ्याकडे पुण्यात छोटा ओव्हन आहे. त्यात आच उतरत नाही, बटण फिरवावं लागतं. फोनवर तुम्ही सांगितलंत तसं आधी कडक तापवते, पत्रा आत ठेवला की आच खाली आणते, आणि वरची कांडी शेवटच्या पाच मिनिटांपुरतीच लावते. वरच्या भेगा तुमच्यासारख्या पडतात. लेकीने स्वतःची खूण ठरवलीय, लेगोचा ठोकळा. आजीला दाखवायला मिरजेला डबा पाठवला होता, त्यातल्या चार तुमच्याकडे आल्या असतीलच. साखर जास्त झालीय असं तुम्ही म्हणाल, ते तिला थेट सांगा, माझ्यामार्फत नको.

आईचा निरोप: दिवाळीच्या आधीच्या शनिवारी पाच किलोचं पीठ घेऊन दादा येईल. दुपारी अडीचला चालेल ना? आणि या वेळी भाजणावळ आधी, मग पत्रे आत. मांजर असो वा नसो.

तुमच्या पेनाच्या टोपणवाल्या घरची,
थोरली