बारशाआधीची जन्मनोंद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०३० पर्यंत भारतातून ३० हजार विद्यार्थी यावेत, असे उद्दिष्ट फ्रान्सने जाहीर केले आहे. इकडे येऊ घातलेल्या मुलांचे पालक मला अधूनमधून फोन करतात आणि थंडीचे कपडे, मसाले, कुकर यांची चौकशी करतात. जन्मदाखल्याविषयी मात्र अजून एकानेही विचारलेले नाही, म्हणून हे पत्र.

पतीच्या नोकरीनिमित्त मी फ्रान्समध्ये तुलूझला आले. आल्यापासून तीन महिन्यांच्या आत व्हिसाची ऑनलाइन नोंद करायची असते, ती अर्ध्या तासात झाली आणि फ्रेंच दप्तरदिरंगाईच्या ऐकीव गोष्टी मला अतिशयोक्त वाटू लागल्या. गाडी अडली ती आरोग्य विम्यापाशी. येथील सामाजिक सुरक्षेचा १५ अंकी क्रमांक जन्माच्या तपशिलांतूनच तयार होतो: स्त्रीचा पहिला अंक २, मग जन्मवर्ष, महिना, आणि जन्म परदेशातला असेल तर ९९. साहजिकच पासपोर्टवर भागत नाही, आईवडिलांची नावे असलेला जन्मदाखलाच लागतो. माझ्या दाखल्यावर आईवडील होते, नोंदणी क्रमांक होता, नगरपालिकेचा गोल शिक्का होता. नव्हते ते फक्त माझे नाव. जन्माची वर्दी रुग्णालयाने चौथ्या दिवशी दिली, बारसे बाराव्या दिवशी झाले आणि नावाचा रकाना भरायला पुन्हा कोणी फिरकलेच नाही. शाळा, पासपोर्ट, लग्न सारे त्या रिकाम्या रकान्यावर निभावले. फ्रान्समध्ये मात्र अत्यंत विनम्र भाषेत पत्र आले की, हा दाखला आपलाच कशावरून?

त्यातून लग्नानंतरचे नाव. क्रांतिकाळातील १७९४ च्या कायद्यापासून फ्रेंच सरकार माणसाला जन्मदाखल्यावरील नावानेच ओळखते. सासरचे आडनाव लावता येते, पण ते केवळ 'वापरायचे नाव'. आपल्याकडे लग्नात मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, काही घरांत ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून पहिलेही. पासपोर्टवर माझ्या नावाला पतीचे नाव जोडलेले असल्याने एका कार्यालयाने ते माझेच दुसरे नाव मानले, तर शाळेच्या दाखल्यावर त्याच जागी वडील. या तिघी एकच आहेत, हे पटवण्यासाठी विवाह प्रमाणपत्राचाही अनुवाद करावा लागला.

हा सारा अडेलतट्टूपणा आहे, असे मी म्हणणार नाही. लग्न ठरले की येथे तीन महिन्यांच्या आतला जन्मदाखला मागतात, तेव्हा 'जन्म काय पुन्हा होतो?' असे आपल्याला वाटते. पण फ्रेंच दाखल्याच्या समासात पुढे विवाह, घटस्फोट, मृत्यूही नोंदवतात, त्यामुळे जुनी प्रत खरोखरच निरुपयोगी ठरते. मला गैर वाटते ते निवास परवान्याच्या संकेतस्थळाचे. अर्जावर चार महिने उत्तर आले नाही, तर साधारणतः तो नाकारला असे धरले जाते. ऑनलाइन अर्ज अडणाऱ्यांसाठी दुसरा मार्ग हवाच, असे येथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने जून २०२२ मध्ये बजावले. तरीही नागरिकांच्या हक्कांसाठी नेमलेल्या घटनात्मक संस्थेला डिसेंबर २०२४ मध्ये याच व्यवस्थेवर कडक अहवाल द्यावा लागला.

माझ्या भावाने पालिकेत पाच हेलपाटे घालून नाव नोंदवले, राज्य शासनाचे साक्षांकन आणि परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे प्रमाणीकरण, घेतले. मराठीतून फ्रेंच करणारा न्यायालयाच्या यादीतील अनुवादक मला सापडला नाही. नवा दाखला मराठी-इंग्रजी असल्याने इंग्रजीवर काम भागले. कायमचा क्रमांक अकराव्या महिन्यात हाती आला. तोवर डॉक्टरांना दर भेटीचे ३० युरो स्वतः द्यायचे, कागदी फॉर्म टपालाने पाठवायचा आणि परताव्याची वाट पाहायची, असे चालले होते.

आपल्या नगरपालिकांना एवढीच विनंती, की दाखला देताना नावाचा रकाना रिकामा दिसला तर समोरच्याला तिथेच, खिडकीवरच सांगावे.

आपली एक वाचक,
तुलूझ, फ्रान्स