यादीला नावं ठेवण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत ‘रेडी प्लेअर वन’वरून पेटलेला वाद मी पहिल्या पत्रापासून वाचते आहे. एक वाचक म्हणतात, अर्नेस्ट क्लाइनची २०११ची कादंबरी म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या गेम, गाणी आणि सिनेमांची नुसती यादी; स्टीव्हन स्पीलबर्गने २०१८ साली त्यावर सिनेमा काढला म्हणून तिचं सोनं झालं. दुसरे म्हणतात, सिनेमाने कादंबरीचं मातेरं केलं. मी पुस्तक वाचलंय आणि सिनेमाही थिएटरात जाऊन पाहिलाय. माझा कौल कादंबरीला आहे, आणि तोही त्या यादीसाठीच.

ज्यांना गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साल २०४५च्या आसपासचं. अमेरिकेत गरिबी माजलेली, घरं एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या गाड्यांची. माणसं डोळ्यांवर चष्मा चढवून ‘ओएसिस’ नावाच्या आभासी जगात दिवस काढतात. ते जग उभारणारा जेम्स हॅलिडे मरताना सांगून जातो की आत तीन किल्ल्या लपवल्यात, सगळा माग लावेल त्याला ओएसिसची मालकी. तो माग हॅलिडेच्या पोरवयातल्या आवडीनिवडींमध्ये दडलेला. एका बाजूला वेड वॉट्स हा गरीब पोरगा आणि त्याचे दोस्त, दुसऱ्या बाजूला पगारी खेळाडूंची फौज घेऊन उतरलेली कंपनी.

आता फरक बघा. कादंबरीत वेडला एका जुन्या सिनेमाच्या आत नायकाच्या जागी उभं करतात आणि अख्ख्या सिनेमातले त्याचे संवाद त्याला तोंडपाठ म्हणावे लागतात. ‘जाउस्ट’ हा जुना गेम खेळून जिंकावा लागतो. म्हणजे जे आवडतं म्हणतोस ते तुला येतं का, हा प्रश्न पानोपानी आहे. सिनेमात पहिली किल्ली मोटारींच्या शर्यतीत मिळते. डेलोरियन गाडी, ‘अकिरा’तली लाल मोटरसायकल, किंग काँग, डायनासोर, सगळं डोळ्यांसमोरून सुसाट जातं. शर्यत जबरदस्त आहे, ते नाकारत नाही. पण थिएटरात माझ्या शेजारची पोरं ‘अरे, तो बघ!’ म्हणेपर्यंत ‘तो’ निघूनही गेलेला असे. ओळखलं की झालं, पुढे काही नाही.

‘शायनिंग’ या जुन्या भयपटातल्या हॉटेलाचा प्रसंग मात्र मी सिनेमाच्या बाजूने मांडेन. तो पुस्तकात नाही, स्पीलबर्गच्या मंडळींनी नव्याने रचला. हॉटेलचा तो दिवाणखाना, ते गालिचे, रक्ताचा लोंढा सोडणारी लिफ्ट, सगळं इतकं निगुतीने उभं केलंय की मूळ सिनेमा न पाहिलेला माणूसही खुर्चीत आखडून बसतो. तिथे सिनेमा पहिल्यांदा एका जागी थांबतो आणि म्हणूनच मनात राहतो.

कादंबरीवरचा एक आक्षेप मला मान्य आहे. त्यातली जुन्याची ओढ एका अमेरिकन पुरुषाच्या लहानपणापुरती आहे. आर्टेमिस ही किल्ल्या शोधणारी पोरगी वेडच्या तोडीची, काही बाबतींत वरचढ, तरी वेड तिच्याकडे बक्षीस असल्यासारखा बघतो. मी शाळेत चित्रकला शिकवते, समोर मुली बसलेल्या असतात, मला ते खटकलं. सिनेमाने तिला जरा जास्त करायला दिलंय. आठवड्यात दोन दिवस ओएसिस बंद ठेवायचा सिनेमातला निकाल पालकांना फार आवडतो. मला कादंबरीचा शेवट जास्त खरा वाटला. तिथे कोणी काही बंद करत नाही, पोराला एवढंच जाणवतं की आज परत आत जावंसं वाटत नाही.

आता मुद्द्याचं. एवढं भांडण चाललंय, पण एका जागी पुस्तक आणि सिनेमा दोघेही एकमताचे आहेत, आणि त्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. शेवटचं कुलूप दोन्हीकडे एकाच गेमने उघडतं: अटारी या व्हिडिओ गेम कंपनीच्या ‘ॲडव्हेंचर’ने. त्या गेममागची गोष्ट खरी आहे. त्या काळी अटारी कंपनी गेम करणाऱ्याचं नाव कुठेच छापत नसे. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रॅमरने एकट्याने तो गेम केला आणि कोणाला न सांगता आत एक चोरखोली करून ठेवली. भुयारातला एक राखाडी ठिपका, इतका बारका की पार्श्वभूमीत दिसतच नाही, तो उचलून ठरावीक भिंतीशी न्यायचा, मग भिंतीतून आत जाता येतं. आत कोणताही खजिना नाही. हा गेम वॉरन रॉबिनेटने केला, एवढीच उभी ओळ रंग बदलत चमकते. सॉल्ट लेक सिटीतल्या एका मुलाने ती शोधून कंपनीला पत्र लिहिलं, तेव्हा कुठे कंपनीला कळलं. रॉबिनेट तोवर नोकरी सोडून गेला होता. याच नावाच्या आणि मोबदल्याच्या रागातून अटारीचे चार प्रोग्रॅमर १९७९ साली बाहेर पडले आणि त्यांनी ‘ॲक्टिव्हिजन’ ही स्वतःची गेम कंपनी काढली.

सिनेमात कंपनीचे खेळाडू गेम जिंकतात आणि पायाखालचं बर्फ फुटून बुडतात. वेड जिंकायला जातच नाही. तो अंधाऱ्या खोल्या फिरत ठिपका शोधतो. पण हे पटण्यासाठी रॉबिनेट कोण होता, हे ठाऊक असणाऱ्याची संगत आधी हवी. ती कादंबरी देते. कुठला गेम कोणी केला, कुठल्या साली आला, हे ती सांगत राहते. लोक कंटाळून ज्याला यादी म्हणतात, ती मला हजेरी वाटते.

मला हे इतकं का लागतं, ते सांगते. आमचे आबा टॉकीजचे बोर्ड रंगवायचे. कापडावर आधी पांढरा हात, तो वाळला की खडूने चौकटी, हातातल्या छोट्या फोटोवरही तशाच चौकटी, आणि मग एकेका चौकटीतला डोळा, नाक, ओठ मोठा करत न्यायचा. जवळून बघितलं तर गालावर निळे-हिरवे फटकारे. रस्त्याच्या पलीकडे गेलं की हिरॉईन हसायला लागे. सिनेमा उतरला की त्याच कापडावर पुन्हा पांढरा. खालच्या कोपऱ्यात आबा बारीक सही करत. एका टॉकीजच्या मालकांनी सांगितलं, सही नको, जाहिरातीची जागा जाते. आबांनी ती हिरॉईनच्या साडीच्या काठात, नक्षीच्या वळणात घालायला सुरुवात केली. आम्हा भावंडांनाच ती सापडायची.

आणि हे गाव कोणतं? कोल्हापूर, जिथे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाच्या नादी लागले. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी देशी कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२०मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट आणला. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं १९२४चं पोस्टर आज टिकून आहे, पण कंपनीचे बहुतेक मूकपट कायमचे गेले. दामले, फत्तेलाल, शांताराम यांच्या ‘प्रभात’ फिल्म कंपनीचा जन्म १९२९चा, तोही इथलाच. मोठी नावं आपल्याला पाठ आहेत. त्यांच्या हाताखाली रंग घोटणारे, पडदे शिवणारे, बोर्ड रंगवणारे कोण होते? व्हीनस टॉकीज गेलं तरी त्या चौकाला व्हीनस कॉर्नर म्हणायला आपण विसरत नाही. तिथले बोर्ड कोण रंगवायचं, हे विचारलं तर म्हातारी माणसंही थबकतात.

‘जुनं ते गेलं, आता कशाला उगाळत बसायचं’ असं एका पत्रात होतं. उगाळू नका, पण नावं तरी लिहून ठेवा. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा अख्खं कोल्हापूर रडलं. ते पुन्हा उभं करताना एक भिंत पडदे आणि बोर्ड रंगवणाऱ्यांच्या नावांसाठी ठेवावी, अशी माझी महापालिकेला जाहीर विनंती आहे. आणि आपल्या वाचकांना एक काम: घरातल्या जुन्या अल्बममध्ये उमा, रॉयल, व्हीनस अशा टॉकीजसमोर काढलेले फोटो असतील. पाठीमागचा बोर्ड भिंग लावून बघा. कोपऱ्यात, काठात, कुठे सही दिसली तर फोटोची प्रत आपल्या वृत्तपत्राकडे पाठवा. आपण ती नावं छापावीत. जागा कमी पडली तर माझं हे पत्र कापा.

आपली,
एक कलाशिक्षिका
शिवाजी पेठ, कोल्हापूर