डोळ्यांवरची पट्टी इंग्रजांनी आणलेली नाही

महोदय,

सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्तींच्या ग्रंथालयात बसवलेल्या नव्या न्यायदेवतेचे डोळे उघडे असून तिच्या हातात तलवारीऐवजी संविधान आहे, ही बातमी ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. तेव्हापासून डोळ्यांवरची पट्टी म्हणजे इंग्रजी राजवटीची खूण, असे सर्रास लिहिले जाते. नव्या मूर्तीला माझा विरोध नाही, पण ही समजूत दुरुस्त व्हायला हवी. खुद्द लंडनमधील ओल्ड बेली न्यायालयाच्या घुमटावरील न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी नाही.

पट्टीचा इतिहास युरोपातील छापील चित्रांत सापडतो. जर्मन लेखक सेबास्टियन ब्रांट यांचे ‘मूर्खांचे जहाज’ हे उपहासकाव्य १४९४ साली आजच्या स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे छापले गेले. त्यातील लाकडी ठशाने छापलेल्या एका चित्रात एक मूर्ख मागून येऊन न्यायदेवतेचे डोळे बांधताना दिसतो. ऊठसूट कोर्टाची पायरी चढणाऱ्यांना मारलेला तो टोला होता. पुढच्या काही दशकांत त्याच पट्टीचा अर्थ पालटला आणि ती निःपक्षपातीपणाचे चिन्ह म्हणून मिरवू लागली.

या दोन्ही अर्थांच्या मधोमध उभे असलेले चित्र म्हणजे सोळाव्या शतकातील फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रुगल (थोरला) यांचे ‘न्याय’. श्रद्धा, आशा, करुणा, न्याय, विवेक, धैर्य आणि संयम या सात सद्गुणांना स्त्रीरूप देणारी एक चित्रमालिका त्यांनी रेखाटली. ती ताम्रपटांवर कोरली गेली आणि अँटवर्प येथील हिरोनिमस कॉक यांनी छापून प्रकाशित केली. ‘न्याया’चे मूळ रेखाटन १५५९ सालचे आहे. त्यात मध्यभागी तलवार आणि तराजू घेतलेली, डोळे बांधलेली देवता उभी आहे. तिच्या एका बाजूला एका माणसाला लाकडी चौकटीवर ताणून त्याच्या तोंडात पाणी ओतले जात आहे आणि जवळच कारकून शांतपणे लिहीत आहेत. मागे कोणाचा शिरच्छेद, कोणाला फटके, आणि पार क्षितिजापर्यंत फाशीचे खांब व देहदंडासाठी वापरली जाणारी, उंच दांड्यांवरची चाके. त्या काळी कबुलीजबाब हा सर्वांत भक्कम पुरावा मानला जाई आणि तो मिळवण्यासाठी केलेल्या छळाला कायद्याचीच संमती होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कारकुनांच्या लेखणीचा अर्थ कळतो.

चित्राखालच्या लॅटिन ओळी कायद्याचे तीन हेतू सांगतात: शिक्षा झालेल्याने सुधारावे, त्याच्या शिक्षेने इतरांनी सुधारावे, किंवा दुष्टांना दूर केल्याने बाकीच्यांनी निर्धास्त जगावे. ब्रुगल यांनी या व्यवस्थेचे केवळ चित्रण केले की तिच्यावर ठपका ठेवला, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मला तो ठपकाच वाटतो, कारण इतक्या गर्दीत सुधारलेला असा एकही माणूस त्यांनी दाखवलेला नाही, आणि जिच्या नावाने हे सारे चालले आहे तिला तेवढे ते दिसत नाही.

म्हणून पट्टी कोणाची, यापेक्षा ती काढल्यावर देवतेने काय पाहायचे, ही चर्चा मला अधिक महत्त्वाची वाटते. छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, परंतु त्याला अद्याप अनुसमर्थन, म्हणजे करार बंधनकारक करणारी अंतिम मान्यता, दिलेले नाही. नव्या मूर्तीवर रकानेच्या रकाने लिहिले गेले, त्यांत या गोष्टीला जागा मिळायला हवी होती.

आपण हे चित्र रविवारच्या पुरवणीत पूर्ण पानभर छापावे, अशी विनंती आहे. मूळ छाप वहीच्या पानाएवढीच असल्याने ती आणखी लहान केली, तर देवता ओळखता येते, पण चौकटीवरचा माणूस दिसेनासा होतो.

— एक निवृत्त कलाशिक्षक, सातारा