मागायला नको होतं ते

लालबाग, मुंबई
७ डिसेंबर २०२५

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एकाच घरात राहून बाबांनी पत्र लिहिलं म्हणून घाबरू नकोस. समोर बसलो की मी निम्मं बोलतो आणि निम्मं गिळतो. हे मला पुरतं सांगायचं आहे.

गेल्या रविवारी जेवताना मी तुला विचारलं, "तुमच्या ऑफिसकडे त्या औषधांच्या कंपनीचं काम आलंय ना? आत काय चाललंय? सुहासला तिच्या शेअरमध्ये चार पैसे लावायचेत." तू म्हणालीस, "बाबा, हे मला परत विचारू नका," आणि अर्धं ताट तसंच उचलून आत गेलीस. मला फार राग आला. दोन दिवस आईशीसुद्धा नीट बोललो नाही. सख्ख्या चुलतभावाचं लग्न मे महिन्यावर आलंय, घराचा हप्ता त्याच्या मानेवर आहे, आणि आपल्या मुलीला दोन शब्द जड झाले, असंच डोक्यात घोळत होतं.

मंगळवारी दोरीवरचे कपडे काढताना तुझी ती पांढरी जर्सी हातात आली, छातीवर कोंबडा असलेली. मे महिन्यात बिल्बाओला फुटबॉलच्या फायनलमध्ये तुझ्या लंडनच्या टॉटनहॅमने मँचेस्टर युनायटेडला १-० ने हरवलं, तेव्हा रात्री दोनच्या पुढे तू अशी ओरडलीस की शेजारच्या काकू दार वाजवत आल्या. सतरा वर्षांनी कप आला म्हणून तू रडलीस. ज्या क्लबसाठी माझी मुलगी रडते तो आहे कुणाचा, हे मला ठाऊक नव्हतं. वेळ रिकामाच होता, वाचत बसलो. तिथे मला क्लबचा पूर्वीचा मालक भेटला, त्याचं नाव 'जो लुईस'.

हा माणूस १९३७ चा. पूर्व लंडनमधल्या बो या भागात, एका पबच्या वरच्या खोलीत जन्मला. पंधराव्या वर्षी शाळा सोडून वडिलांच्या केटरिंगच्या धंद्यात लागला. धंदा वाढवला, १९७९ मध्ये विकला आणि बहामाला जाऊन चलनांचे सौदे करू लागला. १६ सप्टेंबर १९९२ ला ब्रिटनला पौंड युरोपच्या विनिमय दरांच्या व्यवस्थेतून बाहेर काढावा लागला. पौंड पडणार यावर ज्यांनी पैसा लावला होता त्यांत जॉर्ज सोरोस या बड्या सटोडियासोबत लुईसचंही नाव घेतलं जातं. २००१ मध्ये त्याच्या एनिक कंपनीने तेव्हाचा मालक अ‍ॅलन शुगरकडून टॉटनहॅमचा ताबा घेतला. पुढे ६२,८५० माणसं बसतील असं स्टेडियम झालं, २०१९ मध्ये उघडलं. मालक मात्र तिथे क्वचितच दिसायचा.

पैसा त्याने घालवलाही. २००८ मध्ये बेअर स्टर्न्स ही अमेरिकेतली बँक बुडाली तेव्हा त्याचे जवळपास एक अब्ज डॉलर गेले. तरी तो उभा राहिला. बाजारात चाळीस वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, एवढा फटका खाऊन शांत राहायला फार मोठी छाती लागते. त्याबद्दल मला त्याचा आदर वाटला, आजही वाटतो.

आणि मग पुढचं वाचलं. जुलै २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर इनसायडर ट्रेडिंगचा, म्हणजे कंपनीच्या आतल्या गुप्त माहितीवर शेअरचे सौदे केल्याचा, खटला भरला गेला. ज्या कंपन्यांत त्याची मोठी गुंतवणूक होती, त्यांच्या संचालक मंडळांवर त्याची माणसं होती. तिथून कळलेलं तो पुढे सांगायचा. कुणाला? मैत्रिणीला, ओळखीच्यांना, हाताखालच्या माणसांना, स्वतःच्या विमानाच्या दोन पायलटांना. कॅन्सरवर औषध शोधणाऱ्या एका कंपनीच्या चाचणीचे निकाल जाहीर व्हायच्या आधी त्याने या पायलटांना शेअर घ्यायला सांगितलं, वर प्रत्येकाला पाच लाख डॉलर उसने दिले. सरकारी वकिलांचं म्हणणं होतं की या टिपा म्हणजे त्याची बक्षिसं होती, माणसांना खूश करायची रीत होती. जानेवारी २०२४ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. दोन्ही पायलटही दोषी ठरले. एप्रिलमध्ये, सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्याला पन्नास लाख डॉलर दंड आणि तीन वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे देखरेखीखाली मोकळं राहणं, झालं. वय आणि तब्येत पाहून तुरुंग टळला. गेल्या महिन्यात ट्रम्प यांनी त्याला माफी दिली, तेही वाचलं. क्लब २०२२ पासूनच घरच्या ट्रस्टकडे गेलेला आहे.

मुक्ता, मी ते वाचून खुर्चीत नुसता बसून राहिलो. त्या पायलटांना पैसे देताना त्याला काय वाटलं असेल, ते मला माहीत आहे. आपण कुणाचं तरी भलं करतोय, असं वाटलं असेल. मलाही तसंच वाटलं होतं.

१९९२ च्या मार्चमध्ये मी फोर्टमधल्या एका दलालाच्या पेढीत कारकून होतो. सौदे तेव्हा शेअर बाजाराच्या रिंगमध्ये, म्हणजे दलालांच्या गर्दीत, ओरडून व्हायचे. शेअर कागदाचे, ट्रान्सफर फॉर्मवरची सही जुळली नाही की बॅड डिलिव्हरी म्हणून परत यायचे, ते निस्तरणं हे माझं काम. हर्षद मेहताचे दिवस होते, पानवालासुद्धा भाव विचारायचा. एके संध्याकाळी शेठ आत कुणाशी तरी बोलत होते आणि मी ऐकलं की एक कंपनी बोनस, म्हणजे फुकटचे जादा शेअर, देणार आहे, अजून बाहेर कुणाला माहीत नाही. मी तडक चिंचपोकळीला थोरल्या भावाच्या, आप्पाच्या खोलीवर गेलो. आप्पाला गिरणीचा हिशेब मिळाला होता, बेचाळीस हजार. त्याला म्हणालो, "आप्पा, दोन महिन्यांत दुप्पट." त्याने एक प्रश्न विचारला नाही. धाकट्या भावाने सांगितलं एवढंच त्याला पुरेसं होतं.

सेन्सेक्स ४,४६७ पर्यंत चढला आणि एप्रिल संपता संपता बाजार खचला. बोनस आलाच नाही. ते शेअर शेवटी रद्दीच्या भावाने गेले. तेव्हा आपल्याकडे असा नियमही नव्हता, शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीचे इनसायडर ट्रेडिंगचे नियम त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आले. पण ती टिप खरी ठरली असती तरी ज्यांच्याकडून आप्पाने शेअर घेतले त्या कुणा तिसऱ्याच्या खिशातून ते पैसे आले असते, हे तेव्हा माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. आप्पाने मला आजवर बोल लावलेला नाही. वहिनींनी मात्र त्या दिवाळीपासून शिवणाचं मशीन घेतलं, ते गुडघे गेले तेव्हाच बंद झालं. काका फक्त गणपतीत का येतात, असं तू लहानपणी विचारायचीस. मी दर वेळी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचो.

आप्पाच्या सुहाससाठी मागतोय असं मी तुला म्हणालो, पण मला आप्पाचे बेचाळीस हजार फेडायचे होते, तेही तुझ्या नोकरीच्या जिवावर. जे मी आप्पाला दिलं तेच तुझ्याकडून मागत होतो. तुझ्या ऑफिसात त्या माहितीला काय म्हणतात ते मी वाचलं, अप्रकाशित किंमत-संवेदनशील माहिती. ती दुसऱ्याला नुसती सांगणं हासुद्धा गुन्हा, दंड पंचवीस कोटींपर्यंत किंवा नफ्याच्या तिप्पट, जे जास्त असेल ते. आणि मी ती तुला आमटी वाढता वाढता विचारली. सीए होण्यासाठी तू किती रात्री जागलीस ते याच डोळ्यांनी पाहिलंय मी.

मला माफ कर, बाळा.

पोस्टात माझी एक मुदत ठेव आहे, ती मोडणार आहे. मोडली की किती व्याज बुडतं ते विचारून आलोय, आईला सांगितलंय, ती हो म्हणाली. येत्या रविवारी सकाळी मी चिंचपोकळीला जाईन आणि मार्च ९२ ची ती संध्याकाळ आप्पाला पहिल्यापासून सांगेन. टिप कुठून आली, हे त्याला आजही माहीत नाही. तू बरोबर आलीस तर मला बळ येईल. आदल्या रात्री मॅच पाहायला जागणार असशील तर मात्र झोप, मी एकटा जाऊन येतो. जर्सी इस्त्री करून तुझ्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली आहे.

तुझे बाबा