धुळीमुळे थांबलेलं रविवारचं सेशन पुन्हा सुरू करायचंय, लेथ क्लबचं सगळ्यांना आवाहन

नमस्कार मंडळी,

आपल्या लेथ क्लबचे (लेथ म्हणजे लाकूड गोल फिरवत ठेवून पटाशीने कातायचं यंत्र) आजी-माजी सभासद, त्यांच्या घरची माणसं आणि कधी ना कधी आपल्या वर्कशॉपमधून एखादी वाटी नाहीतर भोवरा हौसेने उचलून नेलेले सगळे, तुम्हा सर्वांसाठी हे लिहितोय. कृपया शेवटपर्यंत वाचा. नुसतं अंगठ्याचं चित्र टाकून पुढे जाऊ नका, मागच्या आवाहनाला तेच झालं होतं आणि त्याबद्दल खाली बोलणारच आहे.

तर मुद्दा असा की रविवारचं ओपन सेशन, म्हणजे सगळ्यांना खुलं असलेलं लेथकाम, कमिटीने सध्या बंद ठेवलंय. बऱ्याच जणांचे मेसेज आले की क्लब बंद पडला का, भांडणं झाली का, जागा गेली का. यातलं काहीही नाही. क्लब चालू आहे, जागा आहे, दोन्ही लेथ ठणठणीत आहेत. बंद करायला लागलं ते फक्त धुळीमुळे, आणि पुन्हा सुरू करायला डस्ट कलेक्टर, म्हणजे धूळ ओढून घेणारं यंत्र, घ्यायचंय, त्यासाठी तुमची मदत हवीये. आपण इतके दिवस खिडकीतला एक्झॉस्ट फॅन आणि एक जुना व्हॅक्यूम यांच्यावर भागवत होतो. त्या व्हॅक्यूमची मोटर जळाली, आणि तो दुरुस्त करायचा का यावर मीटिंगमध्ये चर्चा झाली तेव्हा सगळ्यांचंच मत पडलं की तो चालू असतानाही पुरत नव्हताच, मग पुन्हा त्याच्यातच पैसे का घाला. लहान मुलं आणि नवीन माणसं जिथे येतात तिथे असं काम चालवायचं नाही हे एकमताने ठरलं. मला स्वतःला हा निर्णय शंभर टक्के पटलाय.

ज्यांनी कधी लेथवर हात चालवला नाही त्यांना वाटेल की लाकूडकाम म्हटल्यावर धूळ उडणारच, एवढं काय त्यात. म्हणून थोडं सांगतो. गाऊजने (गोलसर पात्याच्या पटाशीने) कातताना ज्या लांब कुरळ्या ढलप्या निघतात त्या खाली पडतात, झाडून गोळा करता येतात, त्यांचा त्रास नाही. त्रास पॉलिश पेपरचा. वाटी फिरतीये, आतून पेपर लावलाय, आणि दुपारचं ऊन खिडकीतून तिरपं आत येतंय असं कधी तिथे उभं राहून बघा. त्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ नुसती तरंगत असते, खाली बसायचं नावच घेत नाही. आणि ही झाली डोळ्याला दिसणारी. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड धरला तर फुप्फुसात खोलवर जाणारे कण १० मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात, ते दिसतही नाहीत आणि मशीन बंद केल्यावर कितीतरी वेळ हवेतच राहतात. म्हणजे काम झालं म्हणून आपण मास्क काढतो तेव्हाच ते नाकात जातात. इंटरनॅशनल एजन्सी फॉर रिसर्च ऑन कॅन्सर या संस्थेने लाकडाची धूळ १९९५ सालीच पहिल्या गटात टाकलीये, म्हणजे माणसाला कॅन्सर होऊ शकतो असा पक्का पुरावा असलेल्या गोष्टींमध्ये, मुख्यतः नाकाचा आणि सायनसचा. ते वर्षानुवर्षं रोज धुळीत काम करणाऱ्या कामगारांवरून कळलेलं आहे, आठवड्यातून एकदा येणाऱ्याने घाबरून जायचं कारण नाही, पण दमा, शिंका, अंगावर पुरळ हे तर थोड्या धुळीनेही होतं. शिसवाच्या जातीच्या काही लाकडांची तर एकेकाला इतकी ऍलर्जी असते की नुसत्या धुळीने डोळे सुजतात. आपल्या दोन सभासदांना याचा त्रास झालाय, त्यातल्या एका ताईंना लेथ सोडावा लागला. चांगला हात होता त्यांचा. मन लावून शिकलेलं माणूस असं जाताना बघणं फार वाईट असतं.

आता हा क्लब कुणाच्या जिवावर उभा राहिला ते लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण नवीन सभासदांना हे माहीतच नाहीये.

सुरुवातीला आपल्याकडे लेथच नव्हता. अण्णांनी त्यांचा स्वतःचा बिडाच्या बेडचा लेथ दिला. तो त्यांनी तरुणपणी सेकंडहँड घेतलेला, स्पीड बदलायचा तर झाकण उघडून पट्टा एका पुलीवरून दुसरीवर टाकायचा, पण थरथर म्हणून नाही. टेम्पोतून उतरवायला आठ-नऊ जण लागले होते आणि अण्णा सारखे "टूल रेस्टला धक्का लावू नका" (टूल रेस्ट म्हणजे पटाशी टेकवायची पट्टी) एवढंच सांगत होते. आज इतक्या लोकांचा हात त्यावर बसलाय. अण्णांनी एक शिस्त लावून दिली ती आजही भिंतीवर लिहिलेली आहे, वाटीचा व्यास इंचात धरून त्याला आरपीएमने, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी, गुणायचं आणि गुणाकार ६००० ते ९००० च्या मध्ये ठेवायचा. म्हणजे १० इंची वाटी असेल तर ६०० ते ९००, आणि ओंडका वेडावाकडा असेल तर त्याच्याही खाली सुरुवात करायची. मशीन सुरू करायच्या आधी हाताने एक फेरा फिरवून बघायचा, चकची (लाकूड पकडून ठेवणाऱ्या जबड्यांची) चावी काढून खिशात टाकायची. एवढ्या वर्षांत आपल्याकडे एकही मोठा अपघात झाला नाही तो या शिस्तीमुळे.

मग माईंनी त्यांच्या यजमानांची, म्हणजे काकांची, सगळी हत्यारं दिली. काका गेल्यावर त्यांनी ती जशीच्या तशी कापडात गुंडाळून ठेवली होती, भंगारवाला दारात आला होता तरी दिली नाहीत. त्यातली स्क्यू पटाशी (तिरप्या धारेची) ज्यांनी वापरलीये त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. धार लावून लावून निम्मीच उरलीये, आणि मुठीला जिथे अंगठा येतो तिथे खळगा पडलाय. नवीन मुलांना आम्ही आधी तीच हातात देतो. माई दर वाढदिवसाला येऊन बघून जातात की मुलं नीट वापरतायत ना.

इलेक्ट्रिशियन दादांनी अख्ख्या वर्कशॉपचं वायरिंग आणि अर्थिंग फुकट करून दिलं, वर दोन्ही लेथला पाय लागला की बंद होईल असं इमर्जन्सी स्विचही बसवून दिलं, मागितलं नव्हतं तरी. फर्निचरच्या कारखान्यातून सागाचे तुकडे येतात ते आजपर्यंत एकदाही थांबलेले नाहीत. आणि वादळात ते मोठं झाड पडलं तेव्हाचं काय सांगू! दुसऱ्या दिवशी पालिकेची गाडी यायच्या आत परवानगी काढून, करवती घेऊन, एकेक ओंडका ढकलत माणसं आली होती, त्यातले निम्मे तर सभासदही नव्हते. संध्याकाळपर्यंत सगळ्या ओंडक्यांच्या तोंडांना मेण लावून झालं, नाहीतर ते तिथूनच तडकले असते. ओलं लाकूड असल्यामुळे वाट्या आधी जाडसर कातून ठेवल्या, व्यासाच्या एक दशांश जाडी, म्हणजे १० इंची वाटीला १ इंच, मग कागदी पिशव्यांत भरून कित्येक महिने सुकवल्या. सुकल्या तेव्हा सगळ्या वाकड्या अंडाकृती झाल्या होत्या, आणि व्हायलाच हव्या होत्या, जाडी ठेवतात ती त्याचसाठी. पुन्हा लेथवर चढवून गोल केल्या. त्या वाट्यांच्या प्रदर्शनातून जे पैसे आले त्यातून आपला चार जबड्यांचा चक आला. तोच चक आज रोज वापरात आहे.

इतिहासाचे सर तर हौसेने येऊन मुलांना लेथची गोष्ट सांगून गेले, इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या पुजाऱ्याच्या थडग्यात साधारण इ.स.पू. ३०० चं कोरीव चित्र आहे, एक माणूस दोरीने लाकूड मागेपुढे फिरवतोय आणि दुसरा पटाशी धरून बसलाय. त्याचा मोठा प्रिंट त्यांनी स्वखर्चाने करून दिला, तो दाराशीच लावलाय. मुलं आत येताना त्याला हात लावून येतात.

आणि आपल्या दुसऱ्या एका काकांबद्दल लिहायलाच हवं, ज्यांचा हात थरथरतो. लिहिताना पेन धरता येत नाही त्यांना. पण पटाशी टूल रेस्टवर टेकवली आणि मूठ कंबरेला लावली की हात स्थिर, कारण लेथवर पटाशी हाताने चालवायचीच नसते, सगळं अंग हलवून चालवायची असते. त्यांनी पहिला भोवरा कातला आणि जमिनीवर सोडला तेव्हा अख्खं वर्कशॉप थांबून बघत होतं. रविवार बंद झाल्यापासून ते दोनदा दारापर्यंत येऊन परत गेले असं शेजारच्यांनी सांगितलं.

आता जरा मनातलं बोलतो, राग मानू नका. मागच्या वेळी हत्यारांना धार लावायच्या ग्राइंडरसाठी आवाहन केलं होतं. दोनशेच्या वर लोकांनी वाचलं, कितीतरी जणांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं, आणि प्रत्यक्ष मदत आली ती सातच लोकांकडून, तेही तेच सात जे दर वेळी देतात. शेवटी कमिटीने आपापसात पैसे घालून ग्राइंडर आणला. कुणी तरी असंही म्हणालं की ही तुमची हौस आहे, तिच्यासाठी इतरांनी पैसे का द्यायचे. ते मला लागलं. कारण मुलांच्या सुट्टीच्या शिबिराला फी घेत नाही, शाळेच्या स्पर्धेच्या ट्रॉफ्यांचे लाकडी बेस आपण कातून दिले, बालवाडीला मण्यांच्या पाट्या दिल्या, कुणाच्या पाळण्याचा खांब मोडला की माणूस आपल्याकडेच येतो आणि आपण नाही म्हणत नाही. प्रात्यक्षिकाला गर्दी होते, वाटी हातात घेऊन फोटो निघतात, तेव्हा हे सगळ्यांचं असतं. मग वर्गणीची वेळ आली की एकट्या कमिटीचं कसं होतं? मला खरंच वाटतं की आपली माणसं मनाची वाईट नाहीत, फक्त प्रत्येकाला वाटतं की दुसरं कुणीतरी देईलच. या वेळी तसं समजू नका.

काय घ्यायचंय ते सांगतो. मोठी गरज आहे डस्ट कलेक्टरची. काही जण म्हणाले घरातला चांगलासा व्हॅक्यूम आणा की. पण त्याने जमत नाही, घरातला व्हॅक्यूम जोरात ओढतो पण थोडीच हवा ओढतो, छोट्या नळीने फरशी साफ करायला ठीक. लेथवर धूळ चौफेर उडते, तिथे भरपूर हवा एकदम ओढून घ्यावी लागते, म्हणून पंखा मोठा आणि पाइप किमान ४ इंची लागतो. पाइपही आतून गुळगुळीत हवा, लांबलचक घड्यांची लवचिक नळी लावली की निम्मा जोर तिच्यातच जातो, म्हणून ती शेवटच्या हातभर तुकड्यापुरतीच लावायची आणि त्याचं तोंड वाटीच्या अगदी मागे येईल असं ठेवायचं. फिल्टर बारीक धूळ अडवणाराच पाहिजे, साध्या कापडी पिशवीचा असेल तर जाडा भुसा आत राहतो आणि नेमकी घातक धूळ पुन्हा खोलीत येते. त्याशिवाय छताला टांगायचा एक एअर फिल्टर, कारण काम संपल्यावरही हवा साफ होत राहायला हवी. मुलांच्या मापाची ६ फेस शील्ड आणि बदलायच्या फिल्टरचे ४ रेस्पिरेटर. कापडी मास्क चालत नाही, ते आता बाद.

आमच्याकडून आम्ही काय करतोय तेही कळू द्या. धार चांगली असेल तर पेपर कमी लागतो, म्हणून सगळ्या सभासदांना धार लावायचं पुन्हा शिकवतोय, ८० नंबरच्या, म्हणजे खूप खरखरीत, पेपरपासून सुरुवात करायची वेळ आली तर पेपर खाली ठेवून परत पटाशी घ्यायची. जमेल तिथे तेल लावून ओला पेपर मारतोय. पण यंत्राशिवाय पूर्ण भागणार नाही हे नक्की.

बाकी तपशील पटकन: तीन ठिकाणची कोटेशन मागवून झालीत, ती बोर्डावर लावलीत, कुणीही येऊन बघा आणि शंका असेल तर विचारा. पैसे फक्त क्लबच्या बँक खात्यावर टाका, नंबर आणि क्यूआर ग्रुपवर पिन केलाय, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर टाकू नका. टाकल्यावर खजिनदारांना नाव कळवा म्हणजे पावती मिळेल, नाव गुप्त ठेवायचं असेल तर तसं सांगा. रक्कम कितीही चालेल, खरंच कितीही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत जमा झालं तर पुढच्याच आठवड्यात ऑर्डर देता येईल. पैसे देणं शक्य नसेल तर पाइप बसवायला दोन माणसं हवीत, पाइपच्या तोंडाला लावायचं पत्र्याचं हूड (धूळ गोळा करणारं झाकण) वाकवून देणारा कुणी असेल तर फारच बरं, स्टँडचं वेल्डिंगही आहे. जुनी हत्यारं, चांगले क्लॅम्प, बंद पडलेला ग्राइंडर काहीही चालेल. लाकूड द्यायचं असेल तर आधी फोटो टाका, रंग दिलेलं, खिळे असलेलं आणि प्लायवूड घेत नाही. हिशोब पूर्ण झाला की पै-पैचा ग्रुपवर टाकणार, उरलेले पैसे फिल्टर बदलायला बाजूला ठेवणार.

ज्या दिवशी डस्ट कलेक्टर बसेल त्याच्या पुढच्या रविवारपासून सेशन सुरू, पहिला नंबर थरथरत्या हाताच्या काकांचा, हे कमिटीत ठरलेलं आहे. हा मेसेज जुन्या सभासदांना नक्की पाठवा, विशेषतः जे बदली होऊन बाहेरगावी गेलेत त्यांना, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे नंबर माझ्याकडे नाहीत.

आपला,
सचिव, कमिटीच्या वतीने